पाचवा गिअर निसटत होता, पण दोष गिअरबॉक्सचा नव्हता: चामड्याच्या गिअर बूटचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २०१३ सालची, पाच गिअरची छोटी पेट्रोल हॅचबॅक. मालकीण कोथरूडला राहतात, नोकरी हिंजवडीत, आणि महिन्यातून एखादी फेरी साताऱ्याला आईवडिलांकडे. त्यांचं नाव, गाडीची कंपनी आणि आधी ज्यांनी काम केलं त्यांचा पत्ता मी मुद्दाम दिलेला नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये सगळे त्यांना ताई म्हणतात, तेच इथेही चालू ठेवतो. आमचं काम गाडीच्या आतल्या शिलाईचं. सीट, दरवाज्याचे पॅड, स्टिअरिंगचं चामडं, आणि अधूनमधून गिअर बूट, म्हणजे गिअरच्या दांडीभोवतीची ती चुणीदार पिशवी.

या गाडीत रिव्हर्स टाकायला नॉबखालची कॉलर दोन बोटांनी वर उचलावी लागते आणि दांडी डावीकडे पुढे, पहिल्या गिअरच्याही पलीकडे न्यावी लागते. पाचवा गिअर उजवीकडे पुढे पडतो. पुढे जे काही घडलं ते या दोन कोपऱ्यांमुळेच.

कंपनीचा मूळ बूट रेक्झिनचा होता. रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मुळात कडक असतं, त्यात तेलासारखी द्रव्यं मिसळून ते मऊ ठेवलेलं असतं. गाडी वर्षानुवर्षं उन्हात उभी राहिली की ही द्रव्यं हळूहळू बाहेर पडतात आणि घडीच्या जागी तडे जायला लागतात. ताईंची गाडी सोसायटीत उघड्यावर उभी असते. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड हात लावू नये इतका तापतो. त्यात २०२० नंतर बहुतेकांच्या गाडीत सॅनिटायझरची बाटली कायमची आली आणि तो ओला हात सगळ्यात आधी गिअरवर पडायचा. बूट मागच्या बाजूने फाटला, आतली दांडी दिसायला लागली, खालून धूळ आणि आवाज येऊ लागला. बदलण्याचा निर्णय अगदी योग्य होता.

दिवाळीच्या आधी त्यांनी एका दुकानात नवीन सीट कव्हर घातली आणि त्याच कामात खऱ्या चामड्याचा गिअर बूटही शिवून घेतला. काळा, लाल धाग्याची दुहेरी शिलाई, आतून फोम. दिसायला फार देखणा. हे मी मनापासून म्हणतो, कारण टाके एका रेषेत होते आणि कोपरे स्वच्छ वळवलेले होते. शिवणाऱ्याचा हात चांगला होता. जुना बूट मात्र त्याच दिवशी कचऱ्यात गेला.

अडचण

नव्या बुटानंतर दोन तक्रारी सुरू झाल्या. पहिली, रिव्हर्स एका झटक्यात पडेना. सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये कॉलर उचलून दांडी रेटावी लागे आणि कधीकधी बुटाच्या फ्रेमचा मागचा कोपरा क्लिपमधून उचकटून वर येई. ताई तो अंगठ्याने दाबून परत बसवत आणि निघत. नवीन आहे, बसेल हळूहळू, अशी त्यांची समजूत होती.

दुसरी तक्रार गंभीर होती. हायवेवर पाचव्या गिअरमधून गाडी आपोआप न्यूट्रलला यायला लागली. ॲक्सिलरेटरवर पाय असेपर्यंत काही नाही, पाय काढला की कधीतरी दांडी मागे सरकायची. साताऱ्याहून परतताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंत जो लांबलचक उतार आहे, तिथे एकदा हे झालं. तो उतार पुणेकरांना वेगळा सांगायला नको. अवजड गाड्यांचे ब्रेक तापून निकामी होतात आणि भीषण अपघात होतात, म्हणून तिथे गाडी न्यूट्रल करू नका असं वारंवार सांगितलं जातं. अशा जागी गिअर निसटला की इंजिनचा अटकाव जातो, वेग वाढतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ताईंनी ब्रेक दाबून चौथा टाकला आणि डाव्या लेनला घेतलं. काही झालं नाही, पण त्या दिवसानंतर त्यांनी साताऱ्याला एसटीने जायला सुरुवात केली.

त्यांच्या नेहमीच्या मिस्त्रींनी गाडी पाहिली. त्यांनी ज्या क्रमाने विचार केला तो बरोबर होता. इंजिन माउंटिंग ढिलं असेल तर ॲक्सिलरेटर सोडताना इंजिन डोलतं आणि गिअर निसटू शकतो. ते त्यांनी तपासलं, माउंटिंग ठीक होतं. गिअरच्या केबलचं सेटिंग पाहिलं, तेही जागेवर. मग उरतो गिअरबॉक्स. आत शिफ्ट रॉडला जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंग आणि गोळी झिजली असेल किंवा पाचव्याचे दात गोल झाले असतील. दहा वर्षं चाललेल्या गाडीत हे अशक्य नाही. बॉक्स उतरवून उघडायचा अंदाज त्यांनी अठरा हजार सांगितला, आत काय निघेल त्यावर कमी-जास्त.

ताई आमच्याकडे आल्या त्या वेगळ्याच कामासाठी. ड्रायव्हर सीटच्या कव्हरची शिवण उसवली होती. बोलता बोलता गाडी आता गिअरबॉक्सला टाकायची आहे असं म्हणाल्या.

निदान: उघडण्याआधी विचारलेला प्रश्न

कुठल्याही बिघाडात आम्ही आधी एकच विचारतो, कधीपासून? ताई म्हणाल्या, ‘‘दिवाळीनंतर.’’ सीट कव्हर कधी घातली? ‘‘दिवाळीच्या आधीच, दादा. का?’’

त्यांच्या बोलण्यातून आणखी एक गोष्ट निघाली. सकाळी गार हवेत त्रास जास्त, दुपारी गाडी उन्हात उभी राहून तापल्यावर कमी. थंडीत गिअर ऑइल घट्ट होऊन गिअर जड पडू शकतात हे खरं, पण तास-दीड तास हायवेवर चालून बॉक्स गरम झाल्यावरही पाचवा निसटत होता. गार हवेत कडक आणि उन्हात मऊ होणारी दुसरी वस्तू दांडीभोवतीच बसलेली होती.

गिअर निसटतो कसा, हे इथे थोडक्यात सांगायला हवं. पाचवा टाकला की बॉक्सच्या आत एक स्लीव्ह, म्हणजे आतून दाते असलेली कडी, सरकून पाचव्याच्या दातांवर चढते. या दातांना किंचित उलटा उतार दिलेला असतो, त्यामुळे स्लीव्ह पूर्ण चढली की भार पडेल तशी ती आणखी घट्ट बसते. पण ती अर्धवट चढली तर हा उतार पुरता कामाला येत नाही, आणि ॲक्सिलरेटर सोडताना भाराची दिशा उलटली की स्लीव्ह मागे सरकू शकते. म्हणजे बॉक्स पूर्ण निरोगी असूनही, दांडी शेवटपर्यंत पोचूच दिली नाही किंवा तिला कुणी सतत मागे ओढत राहिलं, तर गिअर निसटेल. मोठ्या ट्रकच्या दुरुस्तीत कडक झालेला गिअर बूट हे गिअर उडण्याचं एक कारण म्हणून तपासतात. छोट्या गाडीत ते सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण तिथे बूट म्हणजे सजावट असं आपण धरून चालतो.

तपासायला पैसे लागत नाहीत. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, क्लच दाबून पाचवा टाकला. नॉबच्या पुढच्या कडेच्या रेषेत कन्सोलवर मास्किंग टेपची खूण केली. मग बुटाची फ्रेम प्लास्टिकच्या पट्टीने क्लिपमधून सोडवून वर मोकळी केली आणि पुन्हा पाचवा टाकला. नॉब पहिल्या खुणेपेक्षा सात मिलिमीटर पुढे गेला. बूट फ्रेमला लावताच दांडी तेवढीच मागे आली. ताईंना हे बोटाने करून बघायला लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर चीड आणि सुटका दोन्ही दिसली.

तरीही एवढ्यावर थांबलो नाही. मिस्त्रींना फोन करून बोलावलं. निदान त्यांचं होतं, त्यामुळे ते बदलायचं तर त्यांच्यासमोरच, असं मला वाटलं. फ्रेम मोकळी ठेवून, ती दांडीत अडकणार नाही अशी वर बांधून, आम्ही बाह्यवळणावर सकाळच्या कमी रहदारीत गाडी नेली. ते स्वतः चालवत होते. पाचव्यात ॲक्सिलरेटर दाबा, सोडा, पुन्हा दाबा. दांडी हलली नाही. मिस्त्री म्हणाले, ‘‘बॉक्स उघडायची गरज नाही.’’ अठरा हजारांचं काम हातचं जात असताना त्यांनी हे एका वाक्यात मान्य केलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

बुटात नेमकं काय चुकलं होतं

सोडवलेला बूट टेबलावर उलटा केला. चामडं म्हशीचं, बॅगा आणि पट्ट्यांसाठी वापरतात तसं, कॅलिपरमध्ये १.६ मिलिमीटर भरलं. आत तीन मिलिमीटरचा फोम. दुहेरी शिलाईच्या जागी चामड्याचे तीन-तीन थर एकावर एक, म्हणजे चारही कोपऱ्यांवर जणू काठ्याच उभ्या. आणि मुख्य म्हणजे लांबी. फ्रेमच्या कोपऱ्यापासून कॉलरच्या खाचेपर्यंत, जिथे बुटाचं वरचं तोंड बसतं, शिवणीची लांबी साडेएकोणीस सेंटिमीटर.

आम्ही सुतळीने मोजलं. दांडी न्यूट्रलला असताना मागच्या कोपऱ्यापासून खाचेपर्यंतचं अंतर साधारण साडेसोळा. पाचव्यात दांडी पुढे-उजवीकडे जाते, म्हणून मागच्या डाव्या कोपऱ्यावर ताण येतो. तिथे अंतर वीसच्या थोडं वर. रिव्हर्समध्ये मागचा उजवा कोपरा ताणतो आणि कॉलर उचललेली असते, म्हणून बावीस. म्हणजे बूट न्यूट्रलसाठी छान मापात होता, पाचव्याला जवळपास सेंटिमीटरभर आखूड आणि रिव्हर्सला त्याहून कितीतरी. रिव्हर्स टाकताना फ्रेम का उचकटायची त्याचं उत्तर हेच. गुडघ्यावर घट्ट बसणारी पँट उभं राहून आरशात उत्तमच दिसते, मांडी घालून बसल्यावर कळतं.

शिवणाऱ्याने माप घेतलं ते दांडी मधोमध उभी असताना. दिसायला सुरेख व्हावं म्हणून चुण्या कमी ठेवल्या, फुगीरपणासाठी फोम घातला, टिकावं म्हणून जाड चामडं घेतलं. तिन्ही निर्णय सीटसाठी बरोबर आहेत. सीट हलत नाही.

पर्याय

ताईंनी या बुटाला पैसे मोजले होते, त्यामुळे पहिला विचार साहजिकच तोच दुरुस्त करण्याचा होता. फोम काढायचा, मागच्या दोन शिवणी उसवून मध्ये एकेक पाचर जोडायची. लांबी मिळाली असती, पण पाचरीबरोबर दोन नव्या शिवणी आणि जाडी तीच. १.६ मिलिमीटरचं चामडं लांब केलं की ते दुसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये दांडीच्या मागे गोळा होतं आणि तिथे दांडीला आडवं येतं. एका कोपऱ्याचा त्रास काढून दुसऱ्या बाजूला ठेवल्यासारखं. या कामातली खरी अट इथेच आहे: लांबी वाढवायची तर जाडी कमी करावीच लागते. हा पर्याय सोडला.

कंपनीचा मूळ भाग मागवायचा म्हटलं, तर ते मॉडेल बंद झालेलं. बूट फ्रेमसकट सेटमध्ये मिळतो, पण कधी येईल ते काउंटरवर सांगता आलं नाही, आणि आला तरी पुन्हा रेक्झिनच. नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांत तयार ‘युनिव्हर्सल’ बूट काही शे रुपयांत मिळतात. ज्या गाडीत नॉब फिरवून निघतो आणि रिव्हर्सला कॉलर नसते, तिथे ते चालूनही जातात. इथे वरचं तोंड कॉलरच्या खाचेत नेमकं बसायला हवं होतं. त्या बुटांचं तोंड नुसतं इलॅस्टिकचं, कॉलर उचलली की ते घसरून खाली येणार.

कापडी पाठीचं पीयू (कृत्रिम चामडं) किंवा मायक्रोफायबर हा पर्याय मी स्वतः गंभीरपणे मांडला. पातळ, सगळीकडे एकसारखं, स्वस्त. चांगल्या प्रतीचं मायक्रोफायबर उत्तम चालतं. हलक्या पीयूचा वरचा थर मात्र दमट हवेत काही वर्षांत पापुद्र्यांसारखा सुटतो, पावसाळ्यात घरातल्या सोफ्यांचं होतं तसंच. ताईंना चामडंच हवं होतं. बुटाला दोन-अडीच चौरस फूट माल लागतो, त्यामुळे किमतीतला फरक शेकड्यांतच राहतो. म्हणून हट्ट मोडायचं कारण नव्हतं.

मग कोणतं चामडं? आमचे मामा, ज्यांचा हात आयुष्यभर चपलांवर आणि नंतर सीटवर बसला, त्यांनी तीन तुकडे ताईंसमोर ठेवले. पहिलं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, कोल्हापुरी चपलेसाठी वापरतात ते. सुंदर, पण ताठ. उन्हाने आणि घामाने काळवंडतं, घडी एकाच जागी पडून तिथे चिरतं. दुसरं मेंढीचं नापा, हातात रेशमासारखं, पण कोपऱ्यावरच्या ताणाला फाटण्याची भीती. तिसरं क्रोममध्ये, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेलं बकरीचं, ०.८ मिलिमीटर. बकरीच्या चामड्याचे तंतू घट्ट विणलेले असतात, त्यामुळे पातळ असूनही ते फाटायला चिवट असतं, आणि क्रोमचं असल्याने गाडीतल्या उष्णतेला आक्रसत नाही. मामांनी तिन्ही तुकडे चिमटीत धरून दुमडले आणि सोडले. पहिला दुमडल्या जागी खूण ठेवून उघडला. बकरीचा सावकाश पूर्ववत झाला. ताईंनी तोच उचलला. मुंबईहून, धारावीच्या व्यापाऱ्याकडून, अख्खं कातडं मागवलं. बकरीचं एक कातडं साधारण चार-पाच चौरस फूट भरतं, म्हणजे निवडून कापायला जागा राहते.

काम

जुना बूट असता तर तो उसवून त्याच्या कळ्यांवरून, म्हणजे सुट्या तुकड्यांवरून, थेट नमुना काढता आला असता. तो नसल्याने मांजरपाटाचा कच्चा बूट शिवला. चार कळ्या, कच्चा टाका, फ्रेमला चिमट्यांनी लावलेला, वरून कॉलरला दोऱ्याने बांधलेला. मग सगळे गिअर टाकून पाहायचे, कॉलर उचलून रिव्हर्ससुद्धा. जिथे कापड ताणलं तिथे पेन्सिलची खूण, तिथली टीप सोडून पुन्हा. मांजरपाट ताणत नाही, म्हणून तो खोटं बोलत नाही. चामडं सुरुवातीला ताणून घेतं आणि नमुना बरोबर असल्याचा भास होतो. शेवटी कोपऱ्यावरची लांबी चोवीस सेंटिमीटर ठरली. रिव्हर्सच्या बावीसवर दोनची सूट. त्याहून जास्त ठेवली असती तर चुण्या बोटांखाली आल्या असत्या.

कापताना कळ्यांची उभी रेषा कातड्याच्या मान ते शेपटी या रेषेत ठेवली. त्या दिशेला चामडं कमी ताणतं, आडवं जास्त. उलट कापलं तर बूट काही महिन्यांत लोंबतो. पोटाकडचा सैल भाग वापरला नाही.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती लाल शिलाईवर. ताईंना सीटशी जुळणारी दुहेरी शिलाई हवी होती, म्हणजे जोडाच्या दोन्ही बाजूंना एकेक दाबटीप, वरून दिसणारी. अडचण अशी की आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे त्याला बुटाच्या मागच्या शिवणी दिसतात, आणि पाचव्यात व रिव्हर्समध्ये त्याच शिवणी सगळ्यात जास्त ताणतात. जी शिवण डोळ्यांना हवी तीच कामाला मोकळी हवी. उरलेल्या तुकड्यांवर तीन नमुने शिवले: दुहेरी दाबटीप, एकेरी, आणि दाबटीप नसलेला. ते ताईंच्या हातात दिले आणि दुमडून बघा म्हटलं. त्यांनी स्वतःच दुहेरी बाजूला ठेवला.

ठरलं ते असं. मागच्या दोन शिवणींना लाल एकेरी दाबटीप, पुढच्या दोन साध्या. शिवणीचं मार्जिन रापीने, म्हणजे चामडं तासायच्या सुरीने, छिलून जवळपास निम्मं पातळ केलं, म्हणजे दुमड काठीसारखी ताठ राहत नाही. धागा बाँडेड पॉलिस्टर, कारण सुती धागा घाम आणि उन्हाने कुजतो. सुई चामड्याची, आणि टाका चार मिलिमीटरचा. बारीक टाका कापडात नाजूक दिसतो, चामड्यात मात्र तो भोकांची रांग पाडतो आणि ताण आला की चामडं त्याच रेषेवर फाटतं. मागच्या दाबटिपा कॉलरच्या तीन सेंटिमीटर खाली थांबवल्या, कारण तिथे चामडं सगळ्यात अरुंद जागेत वळतं. फोम घातला नाही.

बसवताना बूट आतली बाजू बाहेर करून उलटा कॉलरवर घातला, खाचेत केबल टाय आवळला आणि मग बूट खाली सुलट ओढला, त्यामुळे टाय आत लपतो. टाय कॉलरच्याच खाचेत हवा. तो चुकून आतल्या स्थिर दांडीवर बसला तर कॉलर उचलताना चामडं ओढलं जातं. खाली फ्रेमच्या खुंट्यांवर चामड्याला भोकं पाडून अडकवलं. आधीच्या बुटाला इथे फक्त सोल्यूशन होतं आणि एका बाजूला ते सुटायला लागलं होतं. पुण्याच्या मे महिन्यात नुसत्या सोल्यूशनवर भरवसा ठेवू नये.

फ्रेमखाली आणखी एक गोष्ट सापडली, किंवा सापडली नाही असं म्हणावं लागेल. कंपनीने कन्सोलच्या तोंडाला दिलेली फोमची सील पट्टी जागेवर नव्हती. खालून येणारा आवाज आणि धूळ अडवायचं काम मुख्यतः तिचं आणि खालच्या रबराचं असतं. बुटात फोम भरून ते काम होत नाही. एसीच्या पाइपला वापरतात त्या काळ्या नायट्राइल फोमची पट्टी कापून लावली.

निकाल

टेपची चाचणी पुन्हा केली. बूट लावून आणि सोडून, पाचव्यात नॉब एकाच खुणेवर. रिव्हर्स एका हालचालीत, फ्रेम जागची हलली नाही. मिस्त्रींनी पुन्हा चालवून पाहिली आणि मगच ताईंना हायवेला जा म्हणाले. त्यानंतर त्या साताऱ्याला गाडीनेच जातात. नवले पुलाच्या उतारावर आता त्या पाचव्याऐवजी चौथा ठेवतात. बूट कसाही असला तरी तिथे तेच योग्य आहे. आमच्या कामाचे बावीसशे झाले. आधीच्या बुटाच्या म्हशीच्या चामड्यातून हँडब्रेकचं कव्हर शिवून दिलं. हँडब्रेक एकाच रेषेत वर-खाली होतो आणि उघडझाप थोडी, तिथे ती जाडी खपली.

एक उन्हाळा आणि एक पावसाळा झाल्यावर बूट पाहिला. घड्या ठरलेल्या जागी बसल्या होत्या, शिवणी शाबूत. ऑगस्टमध्ये आतल्या बाजूला बुरशीची पांढरट झाक आली होती, ती सुक्या फडक्याने पुसून गाडी उन्हात उघडी ठेवल्यावर गेली. सॅनिटायझर लावून हात वाळल्याशिवाय गिअर धरायचा नाही आणि डॅशबोर्डचं सिलिकॉन पॉलिश बुटाला लावायचं नाही, एवढं पथ्य सांगितलं आहे.

दिसण्याच्या बाबतीत ताईंचं मत स्पष्ट आहे. न्यूट्रलला असताना या बुटाला जास्त चुण्या पडतात, फुगीरपणा नाही. ‘‘आधीचा जास्त छान दिसायचा,’’ असं त्या म्हणाल्या, आणि ते खरं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त क्षण होता जुना बूट कचऱ्यात जाण्याआधीचा. फाटका असला तरी तो नमुना होता. कळ्यांचा आकार, कोपऱ्याची लांबी, वरच्या तोंडाचा घेर, सगळं त्यात होतं. कुठेही बूट शिवायला द्याल तर जुना बूट परत मागा, किमान नवीन बूट महिनाभर वापरून होईपर्यंत.

दुसरा क्षण गाडी ताब्यात घेतानाचा. दुकानात सीट सगळे हात फिरवून बघतात, गिअर मात्र कुणी टाकून बघत नाही. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, प्रत्येक गिअर शेवटपर्यंत टाकायचा आणि हात सोडायचा. दांडी तसूभरही मागे आली किंवा बूट कोपऱ्यावर चकाकण्याइतका ताणला तर तिथेच थांबायचं. आधीच्या दुकानात हे झालं असतं तर तो कारागीर स्वतःच दुरुस्त करून देऊ शकला असता, इतकं त्याचं काम सफाईचं होतं.

मिस्त्रींना सीट आणि बुटाच्या कामाबद्दल कुणी सांगितलं नव्हतं, कारण ताईंना त्याचा संबंध वाटला नाही. तो वाटावा अशी अपेक्षाही बरोबर नाही. मिस्त्रींनी ‘मधे गाडीत काही नवीन बसवलंय का?’ एवढं विचारलं असतं तर पुरलं असतं. आता ते विचारतात. गिअर निसटण्याची तक्रार आली आणि बूट बदललेला असेल, तर बॉक्स उतरवण्याआधी फ्रेम मोकळी करून बघणं पाच मिनिटांचं काम आहे. मात्र फ्रेम मोकळी करूनही गिअर निसटत असेल, तर तो दोष खरोखर आतला किंवा केबलचा आहे. मग बुटात वेळ न घालवता गाडी मिस्त्रींकडेच जायला हवी, आणि तोवर हायवेला नेऊ नये.

चामड्याच्या निवडीबद्दल माझं मन अजूनही दोन्हीकडे आहे. ताईंची गाडी उघड्यावर उभी असते. सावलीत उभ्या राहणाऱ्या गाडीला मी बकरीचंच चामडं सुचवेन. उन्हातल्या गाडीला, मालकाची हरकत नसेल तर, चांगलं मायक्रोफायबर. तिथे चामड्याला तेलपाणी दिलं नाही तर चार-पाच वर्षांत ते वाळून कडक होईल आणि ताण पुन्हा हळूहळू वाढेल. म्हणून दर पावसाळ्यानंतर टेपची खूण तपासायला या, असं त्यांना सांगितलं आहे.

त्यांच्या गाडीचा पुठ्ठ्याचा नमुना आम्ही जपून ठेवला. नंतर त्याच मॉडेलची दुसरी गाडी आली तेव्हा तो काढला, पण त्या मालकाने बाजारातला आखूड नॉब आणि वेगळी कॉलर बसवली होती. खाच दीड सेंटिमीटर खाली आली होती. मामांनी नमुना बाजूला ठेवला आणि मांजरपाट काढला.